तारीख नसलेला मार

"तारीख सांग."

पोलीस ठाण्यात गेलेल्या बाईला पहिला प्रश्न हाच. कोर्टात काळा कोट उलटतपासणीला उभा राहिला की त्याचाही पहिला प्रश्न हाच. आणि आपण, बाबासाहेबांच्या फोटोखाली चटईवर बसून निवेदन लिहायला घेणारे आपण, आपलाही पहिला प्रश्न हाच. घटना कधीची? किती वाजता? कोण कोण होतं? तारीख सांगता आली तर अत्याचार. नाही सांगता आली तर घरगुती भांडण, बाईचा कांगावा, पोराचा भित्रेपणा, मनाचे खेळ.

आपण तारखांची माणसं आहोत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली. २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. ह्या तारखा आपण पोरांना पाढ्यासारख्या शिकवतो आणि शिकवल्याच पाहिजेत. तारखेवर मोर्चा काढता येतो, बंद पुकारता येतो, पोस्टर लावता येतं, मंत्र्याला घेराव घालता येतो.

पण दोस्तहो, ज्या माराला तारीखच नाही त्याचं काय करायचं?

मी गोदीत हमाली करतो, म्हणून गोदीतलं सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज फुटलं. पोटात कापूस आणि दारूगोळा एकत्र भरला होता. शेकडो माणसं मेली, गोदीच्या आसपासची वस्ती जळाली. त्यात मेलेल्या बंबवाल्यांची आठवण म्हणून आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. आपण त्या दिवशी भीमजयंतीच्या मिरवणुकीत असतो, म्हणून आपल्याला पत्ता नसतो. असो. त्या स्फोटाला तारीख आहे, स्मारक आहे, कवायत आहे. पण कोळसा, गंधक, खत उपसताना जी धूळ रोज छातीत जाते तिची तारीख कुठल्या वहीत लिहिली? वीस-पंचवीस वर्षांनी माणूस खोकून खोकून मरतो. दाखल्यावर लिहितात, हृदय बंद पडलं. मुकादम म्हणतो, बिडी फार ओढायचा. धुळीवर कुणी केस केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

छळाचंही असंच आहे. एक छळ स्फोटासारखा, एक धुळीसारखा. स्फोटातून वाचलेल्या माणसाकडं जग निदान बघतं तरी. धूळ खाल्लेल्याला म्हणतात, ह्याला झालंय काय?

डॉक्टर लोकांनासुद्धा हे समजायला वेळ लागला. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारवाल्यांनी आपल्या रोगांच्या यादीत आघातानंतरच्या ताणाचा आजार पहिल्यांदा घातला. त्यांना काही अचानक माणुसकी सुचली नव्हती. व्हिएतनामहून परत आलेले सैनिक रात्री किंचाळत उठत होते, आणि ते संघटना करून, एकत्र बसून, रस्त्यावर येऊन बोलले म्हणून घातला. पण ते मोजमाप एका घावाचं होतं. लढाई, अपघात, भूकंप. मग १९९२ साली ज्युडिथ हर्मन नावाच्या डॉक्टरीणबाईनं पुस्तक लिहिलं. ही बाई घरात मार खाल्लेल्या बायकांबरोबर, सख्ख्या बापानं नासवलेल्या पोरींबरोबर काम केलेली. तिचं म्हणणं असं, की कैदी, गुलाम, छळछावणीतला माणूस, मारकुट्या नवऱ्याची बायको, नासवलेलं लेकरू, ही सगळी एका रांगेतली माणसं आहेत. त्यांना पळता येत नाही, आणि छळणारा रोज समोर असतो. त्यांचा आघात एका घावाच्या मोजमापात बसत नाही. तिनं त्याला वेगळं नाव दिलं. आपल्याकडचे डॉक्टर आता त्याला गुंतागुंतीचा आघात म्हणतात.

तिनं आणखी एक गोष्ट लिहिली आणि ती आपण भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. आघाताचा अभ्यास जेव्हा जेव्हा पुढं सरकला तेव्हा मागं कुठली ना कुठली राजकीय चळवळ होती. चळवळ बसली की अभ्यासही बसला. युद्धाला विरोध करणारे उठले म्हणून सैनिकांचं दुखणं दिसलं. बाया उठल्या म्हणून घरातला मार दिसला. म्हणजे हे काम एकट्या डॉक्टराचं नाही, आपलंही आहे.

ही माणसं ओळखायची कशी? जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या यादीत त्याच्या खुणा दिल्यात. तीन खुणा एका घावाच्याही आहेत. घडून गेलेलं पुन्हा आत्ता, ह्या मिनिटाला घडतंय असं अंगावर येणं. त्याची आठवण करून देणारी जागा, माणूस, वास टाळत राहणं. आणि सगळं शांत असतानाही कुणीतरी टपलंय म्हणून अंग ताठ, कान उभे. लांबलेल्या छळात ह्याच्यावर आणखी तीन चढतात. एक, भावनेचा लगाम हातात राहत नाही. कवडीच्या कारणावरून भडका, नाहीतर आतून नुसतं लाकूड. दोन, मीच घाण, मीच नालायक, खोट माझ्यातच, हे हाडात बसतं. तीन, माणसाशी नातं जमत नाही. जो हात पुढं करतो त्याचा भरवसा वाटत नाही, आणि जो मारतो त्यालाच कधी कधी घट्ट धरून ठेवलं जातं.

वाचता वाचता तुम्हाला कुणाची तरी आठवण आली असेल. मला आमच्या पारोळ्याची आख्खी गल्ली आठवली.

इथं घाई करू नका. प्रत्येक दलिताच्या डोक्यात आजार आहे असं मी म्हणत नाही. असं म्हणणं खोटं होईल, आणि अपमानाचंही. आपल्या बापजाद्यांनी मेलेली ढोरं ओढली, शिव्या खाल्ल्या आणि तरी ताठ उभे राहून धर्म बदलला, पोरं शिकवली. मी म्हणतोय ते एवढंच की जात ही लांबलेला छळ चालवायची यंत्रणा आहे. यंत्रणा चालवणाऱ्याला पक्कं माहीत आहे, एकदाच्या मोठ्या मारापेक्षा रोजचा थोडा मार स्वस्त पडतो. मोठा मार दिला तर माणसं उठतात. थोडा थोडा दिला तर माणूस स्वतःच स्वतःवर पहारा देतो.

बाबासाहेबांनी हे स्वतःवरून लिहून ठेवलंय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाच्या त्यांच्या आठवणी आहेत. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या, त्यांच्या कागदपत्रांत सापडलेल्या, पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली छापलेल्या. त्यात आपल्या खान्देशातलं चाळीसगाव आहे. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला सरकारनं नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब आलेले. स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार नाही. शेवटी टांगा तेवढा भाड्यानं मिळाला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर टांगा उधळला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हा झाला तारखेचा घाव. पाय पुढं बरा झाला.

पण त्याच आठवणींत बडोदा आहे. परदेशात शिकून आलेला माणूस, राहायला जागा नाही म्हणून पारशांच्या विश्रामगृहात नाव लपवून राहतो. रोज धास्ती, की आज कळेल, उद्या कळेल. आणि एक दिवस लाठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहतात. पुष्कळ वर्षांनी हे लिहिताना बाबासाहेब सांगतात, ती आठवण आली की अजूनही डोळ्यांत पाणी येतं.

विचार करा. ज्यानं गोलमेज परिषदेत जाऊन अख्ख्या देशाशी एकट्यानं वाद घातला, त्या माणसाच्या आत बडोद्याचा तो दिवस संपलेला नव्हता. आणि त्यांनी तो लपवला नाही, लिहून काढला. मग आपल्या सभेत एखादा पोरगा बोलता बोलता रडायला लागला की आपण त्याला, "अरे वाघ ना तू पँथरचा?" असं का दटावतो? वाघ कशाला रडेल म्हणता? बाप रडला होता. बापानं लिहून ठेवलंय.

आता जळगावात या. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघड झालं. पोरींना फसवायचं, फोटो काढायचे, मग त्या फोटोच्या धाकानं पुन्हा पुन्हा बोलवायचं, एकाकडून दुसऱ्याकडं द्यायचं. हे एका रात्रीचं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललेलं होतं. वजनदार लोकांवर आरोप झाले, राज्यभर गाजलं. तपास सीआयडीकडं गेला, मीरा बोरवणकर ह्या पोलीस अधिकारी बाईंनी त्यात काम केलं, खटल्यांसाठी खास कोर्ट नेमलं गेलं. पेपरांत शेकडो पोरींचे आकडे छापून येत होते. तक्रार द्यायला मात्र मोजक्याच पुढं आल्या.

त्या वेळी मी जन्मलोही नव्हतो. पण पारोळ्यात थोरली माणसं आजही सांगतात, तेव्हा जळगावच्या पोरींची सोयरीक जुळेना. म्हणजे बघा. गुन्हा कुणाचा, आणि डाग पडला तो पोरींच्या अख्ख्या पिढीवर. आणि पारावर बसलेली शहाणी माणसं तेव्हा काय विचारत होती? इतकी वर्षं गप्प का बसल्या? पहिल्याच वेळी का नाही सांगितलं? परत परत का गेल्या?

ह्या तीन प्रश्नांचं उत्तर द्यायलाच मी हा लेख लिहायला बसलोय. नीट ऐका.

अंगावर धोका आला की शरीर आपलं आपण तयार होतं. छाती धडधडते, हातापायात रक्त उतरतं. लढ नाहीतर पळ. जनावराचं असंच, माणसाचं असंच. पण जिथं लढता येत नाही आणि पळताही येत नाही, तिथं शरीर तिसरी गोष्ट करतं, गोठतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ओरडली नाही म्हणजे राजी होती. असं एकदा नाही, शंभरदा झालं की शरीर गोठणंच शिकतं. बोलावणं आलं की पाय आपोआप चालायला लागतात, कारण न गेल्यावर काय होईल हे त्या पायांना माहीत झालेलं असतं. त्याला कुणी राजीखुशी म्हणत असेल तर वेठबिगारीलाही राजीखुशीच म्हणावं लागेल. आपले आजे-पणजे पाटलाच्या वाड्यावर पहाटे न बोलावता हजर व्हायचे. ते खुशीनं जात होते काय?

आठवणीचंही तसंच. रोजच्या छळाची आठवण गोष्टीसारखी आधी-मग-नंतर अशी राहत नाही. तुकडे राहतात. एखाद्या साबणाचा वास. जिन्यावरचा पायरव. दाराची कडी. वकील विचारतो, मंगळवार होता की बुधवार? बाई चुकते. वकील न्यायाधीशाकडं बघून हसतो. खोटं बोलणाऱ्या माणसाची गोष्ट पुष्कळदा सरळ असते, कारण त्यानं ती रचलेली असते. तुकड्यांतून बोलणाऱ्याला मात्र कोर्ट खोटं ठरवतं. न्यायाची ही उलटी तागडी आहे आणि ती मोडायला आपल्यालाच पाहिजे.

आता पायल. डॉ. पायल तडवी. आपल्या जळगावची, तडवी भिल्लांची पोरगी. मुंबईला नायर हॉस्पिटलच्या कॉलेजात स्त्रीरोगाची मोठी डॉक्टर व्हायला आली. २२ मे २०१९ ला ती गेली. सव्वीस वर्षांची होती. तिच्या आईनं, आबेदा तडवींनी, सांगितलं की तिच्याबरोबरच्या सीनियर डॉक्टर बायका तिला महिनोन् महिने जातीवरून, आरक्षणावरून बोलत होत्या, कामात छळत होत्या. तीन डॉक्टरांवर खटला भरला गेला. कोर्टाचं काम कोर्टानं करावं, मी निकाल देणारा कोण. पायलच्या मनात काय आजार होता की नव्हता हेही मी सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. पण मला एक तारीख दिसते. पायल गेली २२ मे २०१९ ला. तीन दिवसांनी, २५ मे २०१९ ला, जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं रोगांची नवी यादी मंजूर केली. त्या यादीत लांबलेल्या छळाच्या आघाताला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जगाला शब्द सापडला आणि आपली पोरगी तीन दिवस आधी गेली.

आईनं मात्र वाट पाहिली नाही. रोहित वेमुलाची आई राधिका आणि पायलची आई आबेदा, दोघी मिळून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की कॉलेजांतला हा छळ थांबवायची पक्की व्यवस्था करा. दोन माया, एक आंध्राकडची, एक खान्देशातली. त्यांनी कोर्टाला हेच सांगितलं की एका दिवसाचं बघू नका, रोजचं बघा.

इथवर टाळ्या वाजवणं सोपं आहे. छळणारे सगळे पलीकडचे होते. आता जरा घरात या.

पारोळ्याला आमच्या गल्लीत एक मावशी होती. नवरा दिवसभर दुसऱ्याच्या खळ्यावर वाकायचा आणि रात्री घरी येऊन हिला वाकवायचा. वीस-बावीस वर्षं. मग तो मेला. बाया म्हणाल्या, सुटली बिचारी. पण मावशी सुटली नाही. दिवेलागण झाली की भांडी अशी उचलायची की भांड्याला भांडं लागू नये. पाठ भिंतीला लावून बसायची, तोंड दाराकडं. बाहेर फटफटी थांबली की उभी राहायची. नातवाच्या हातून ताट पडलं तर कोपऱ्यात जाऊन डोकं हातात घ्यायची. भगतानं गंडा बांधला. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. गल्लीनं येडी म्हणून नाव ठेवलं. कुणी विचारलं, मावशी काय झालं होतं, तर एकच बोलायची, "काहीच नही व्हयनं रे भाऊ."

मला तेव्हा वाटायचं, लपवते. आता वाटतं, तिचं बरोबर होतं. 'झालं' म्हणायला एक दिवस लागतो. अमुक दिवशी अमुक झालं. तिच्याकडं असा दिवसच नव्हता. रोजच होत होतं. रोजच्या गोष्टीला कुणी झालं म्हणतं का? भाकरी झाली, पाणी झालं, मार झाला.

आणि तो नवरा? दिवसभर वाकणारा? त्याच्यावरचा मारही खरा होता. बाबासाहेबांनी सांगितलेली उतरंड आठवा, प्रत्येकाच्या डोक्यावर एक आणि पायाखाली एक. आपण समजतो ही उतरंड आपल्यापाशी संपते. संपत नाही. आपल्या पायाखाली आपली बायको आहे, तिच्या पायाखाली पोरं. वरून आलेला मार खाली उतरवला की पुरुषाला घटकाभर माणूस झाल्यासारखं वाटतं. हे कारण झालं, माफी झाली नाही. मालकानं मारलं म्हणून बायकोला मारणारा माणूस मालकाविरुद्ध लढत नसतो, मालकाचंच काम घरी आणून पुरं करत असतो.

आपल्या बायांनी हे केव्हाच लिहिलंय. बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तक झालं. महारवाड्यावर बाहेरून काय होत होतं ते त्यात आहे आणि आत सुनांवर काय होत होतं तेही आहे. ते कागद त्यांनी नवऱ्यापासून वीस वर्षं लपवून ठेवले होते. वीस वर्षं! मराठी साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनो, ही वीस वर्षं कुठल्या प्रकरणात घालणार?

आणि १९८४ साली मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आलं. शाहीर अमर शेखांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको. पँथरच्या घरात काय चाललं होतं ते तिनं नाव घेऊन लिहिलं. नामदेव आपला कवी आहे. त्याच्या शब्दानं आमच्यासारख्या हमालांना कविता लिहायची हिंमत दिली, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पण म्हणून तिचं पुस्तक कपाटाच्या मागच्या फळीत का? 'गोलपिठा' पाठ म्हणणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी ते पुस्तक हातात धरलंय? कवी मोठा म्हणून बाईचा घाव छोटा होतो, हे गणित आपल्याला कुणी शिकवलं? मनूनंच ना?

मला माहीत आहे, काही जिभाऊ, काही दादा आता म्हणतील: हे असलं लिहून शत्रूच्या हातात कोलीत देतोस. दादा, कोलीत त्यांच्या हातात आधीपासून आहे. ते आपली घरं जाळायला आपल्या लेखाची वाट बघत नाहीत. आणि सवर्णांच्या घरात बायका सुखात नांदतात असं मी म्हटलेलं नाही. त्यांच्या घराच्या भिंती जाड आहेत, आपल्या पत्र्याच्या आहेत, एवढाच फरक. पण समता मागणाऱ्याच्या घरातून किंकाळी आली तर ती फक्त घरातली राहत नाही, मागणीलाच तडा जातो.

दुसरे काही म्हणतील: मन, आघात, आजार, ही पांढरपेशांची चैन. क्रांती झाली की सगळं बरं होईल. त्यांना मी फ्रान्झ फॅनन वाचा म्हणतो. मार्टिनिकचा काळा माणूस, मानसोपचाराचा डॉक्टर. १९५३ ते १९५६ अल्जेरियात ब्लिदाच्या इस्पितळात होता. छळलेलेही त्याच्याकडं येत आणि छळ करणारे फ्रेंच पोलीसही. मग नोकरी सोडून तो स्वातंत्र्ययुद्धात गेला. १९६१ साली आलेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात, जे जगभरच्या क्रांतिकारकांनी उशाशी ठेवलं, त्यात एक आख्खं प्रकरण त्या रोग्यांवर आहे. त्याला ती चैन वाटली नाही. लढाई जिंकली तरी माणसांच्या आत लढाई चालू राहणार हे त्याला दिसत होतं.

आणि तिसरे, गोळ्या लिहून देणारे. त्यांनाही सांगतो. गोळीनं झोप लागत असेल तर जरूर द्या, मी गोळीच्या विरोधात नाही. पण बाई जर उद्या त्याच खोलीत, त्याच माणसाच्या शेजारी झोपणार असेल, पोरगा जर उद्या त्याच होस्टेलात त्याच टोमण्यांत जाणार असेल, तर तुम्ही धूळ तशीच ठेवून खोकल्याचं औषध देताय.

मग करायचं काय? भाषण पुरे, कामाचं बोलू.

पहिलं. तारीख विचारणं बंद करा, निदान पहिला प्रश्न म्हणून. "कधी?" ऐवजी "कधीपासून?" विचारा. एका शब्दाचा फरक आहे, पण समोरच्या माणसाला कळतं की ह्याला धुळीचं ठाऊक आहे. बोलणं तुटक येईल, मागचं पुढं होईल, येऊ द्या. दुरुस्त करू नका. तारखा नंतर जुळवता येतात, सणावारावरून, पोरांच्या जन्मावरून, दवाखान्याच्या चिठ्ठीवरून. एका वहीत तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढं तीच वही उपयोगी पडते.

दुसरं. "सोडून का नाही गेली?" हे शब्द कार्यालयात उच्चारायला बंदी करा. सोडून जायच्या वेळीच बाईच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका असतो. त्याऐवजी विचारा, आज रात्री कुठं झोपणार? पोरं कुठं आहेत? कागदपत्रं कुणाकडं आहेत? हर्मनबाईनं बरं होण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. आधी सुरक्षित जागा. मग आठवणं आणि त्याचं रडणं रडून घेणं. मग पुन्हा माणसांत येणं. आपण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारतो.

म्हणून तिसरं. छळलेल्या माणसाला सभेत उभं करून सगळं सांगायला लावू नका. टाळ्या आपल्याला मिळतात, रात्रभर झोप त्याची जाते. भैयालाल भोतमांगेंना आठवा. खैरलांजीत आख्खं कुटुंब गेलेला माणूस. आपण त्यांना किती व्यासपीठांवर नेलं, आणि व्यासपीठावरून उतरल्यावर त्यांच्याजवळ कितीजण बसले? २० जानेवारी २०१७ ला ते गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघायला राहिले नाहीत.

चौथं. कायदा पाठ करा. कायद्यालाही हळूहळू रोजचा मार कळायला लागलाय. १९८३ साली नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या क्रूरतेचं ४९८-अ कलम आलं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ८५ कलम झालंय. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात अंगावरचा मार, मनावरचा मार, शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती, पैसे अडवणं, सगळं हिंसा म्हणून धरलंय. संरक्षण अधिकाऱ्याकडं जाऊन अहवाल लिहून घेता येतो, राहत्या घरात राहायचा हक्क मागता येतो. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात १५-अ कलमानं पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचे, माहितीचे हक्क दिलेत. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं सरकारी खर्चानं चालणाऱ्या उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिलाय. बायांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६. हे आकडे कार्यालयाच्या दारावर रंगवा.

पाचवं. मागणी करा. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात महापालिका आणि 'सेहत' संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं, त्याला वीस वर्षांवर झाली. हात मोडला म्हणून बाई दवाखान्यात येते, तिथंच हळू आवाजात तिला विचारणारं माणूस बसलेलं असतं. बाईला वेगळं कुठं जावं लागत नाही, घरी सांगावं लागत नाही. असं केंद्र वांद्र्याला लागतं आणि पारोळ्याला, अमळनेरला, चोपड्याला लागत नाही काय? तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात असं माणूस, आणि ते आपली अहिराणी, पावरी, तडवी बोली समजणारं. ह्यासाठी मोर्चा काढता येतो. काढू या.

सहावं आणि शेवटचं, आपल्याच पोरांना. घरात हात उचलणारा माणूस चळवळीच्या मंचावर नको. कितीही चांगला बोलू दे, कितीही लाठ्या खाल्लेल्या असू दे. आधी घरचा हिशेब.

सोपं नाही हे. मोर्चा एका दिवसाचा असतो, हे काम रोजचं आहे. पण जो मार रोज दिला गेला त्याच्यावरचा इलाजही रोजचाच असणार. थोडं थोडं करून माणूस मोडला, थोडं थोडं करूनच तो उभा राहील. कुणी तरी रोज त्याच वेळी येतं, हात उगारत नाही, दिलेला शब्द पाळतं, हे शरीराला पटायला महिने लागतात, वर्षं लागतात. त्या वर्षांत आपण शेजारी बसायचं. घोषणा न देता.

आपल्या तारखा आपण विसरणार नाही. पण उद्या शाखेच्या दारात एखादी बाई येऊन नुसती उभी राहिली, काही बोलेना, आणि "काहीच नही व्हयनं" म्हणाली, तर तिला माघारी पाठवू नका. पाणी द्या, बसायला द्या, आणि विचारा, "माय, कधीपासून?"

जय भीम.